इंदूरच्या मराठी घरात फास्टर फेणेचा संच: घ्यावा का?

घ्यावा. घरात आठ ते तेरा वर्षांचं मूल असेल, ते घरी मराठी बोलत असेल आणि शाळेत हिंदी-इंग्रजी वाचत असेल, तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा वीस पुस्तकांचा संच खुशाल मागवा. मी नोकरीची सगळी वर्षं सरकारी शाळेत हिंदी माध्यमातून विज्ञान शिकवलं. आता घरी दोन नातवंडं आहेत, नात पाचवीत आणि नातू तिसरीत. संच त्या दोघांसाठी घेतला आणि त्यांच्याबरोबर मीही वाचला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्या इंदूरकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट आधी सांगते. भागवतांचा जन्म इंदूरचा, ३१ मे १९१०. तेव्हा इथे होळकरांचं राज्य होतं, गादीवर तिसरे तुकोजीराव होते. पुढे भागवतांचं आयुष्य मुंबई-पुण्याकडे गेलं, पुस्तकंही तिकडेच निघाली, त्यामुळे सगळे त्यांना पुण्याचे समजतात. रामबागेत, जेल रोडला, टिळकनगरात किती मराठी घरं आहेत. पण मराठीतला सगळ्यांत धावरा, सगळ्यांत लाडका मुलगा ज्यांनी लिहिला ते आपल्या गावात जन्मले, हे मी विचारलेल्या दहातल्या आठ जणांना माहीत नव्हतं. मला याचं फार वाईट वाटतं. आपण लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा हे दर पाहुण्याला अभिमानाने सांगतो. भागवतांचंही सांगायला हवं.

विज्ञानाची मास्तरीण असल्यामुळे त्या जन्मतारखेवर माझी नजर अडकली. १९१० च्या एप्रिल-मे महिन्यांत हॅलेचा धूमकेतू आला होता. एप्रिलच्या २० तारखेला तो सूर्याच्या सगळ्यांत जवळ होता, मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर पृथ्वी त्याच्या शेपटीजवळून गेली आणि जगभर लोक घाबरून गेले. महिनाअखेरीस तो संध्याकाळी पश्चिमेला दिसायचा, हळूहळू फिका होत चाललेला. म्हणजे भागवत जन्मले तेव्हा आकाशात शेंडेनक्षत्र होतं. आणि याच माणसाने पुढे ज्यूल व्हर्नची धूमकेतूवरची कादंबरी मराठी मुलांसाठी आणली, तिचं नाव ठेवलं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. तोच हॅले १९८६ च्या फेब्रुवारीत परत आला तेव्हा भागवत पंचाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी तो पाहिला की नाही, मला ठाऊक नाही असं लिहून थांबण्यापेक्षा मी एवढंच म्हणेन की जन्मताना एकदा आणि म्हातारपणी एकदा असा तो ज्यांच्या वाट्याला आला, त्यांतले ते एक. नातीला हे सांगितलं तर तिने लगेच विचारलं, “आजी, आता परत कधी येणार?” २०६१ मध्ये. तिने वहीच्या मागे वजाबाकी केली आणि तेव्हा आपण चाळिशी ओलांडलेल्या असू हे कळल्यावर बराच वेळ गप्प बसली.

तर आता पुस्तकांबद्दल.

फास्टर फेणे म्हणजे बनेश फेणे, बन्या. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा मुलगा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकायला आलेला. अंगाने किडकिडीत, पायाला भिंगरी, सायकलवर बसला की कोणाला ऐकत नाही. काही सुचलं, काही खटकलं की जीभ टाळूला लावून ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो. सुभाष देसाई हा त्याचा मित्र. कुठे चोरी, कुठे कट, कुठे संकट असलं की बन्या तिथे असतोच, आणि नसला तर पोचतो. नुसती नावं वाचली तरी आवाका कळतो: ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’. आमच्याकडे संच उघडल्याबरोबर नातवाने विमानचोर उचललं आणि नातीने चक्रीवादळ. मी अडवलं नाही. एक वाचल्याशिवाय दुसरं कळत नाही असं या मालिकेत होत नाही, मूल जे उचलेल ते वाचू द्यावं.

इंदूरच्या मुलांची एक जमेची बाजू आहे, ती पालकांच्या लक्षात येत नाही. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेतली पुष्कळ मुलं देवनागरी वाचताना अडखळतात. आपली मुलं हिंदीमुळे देवनागरी झरझर वाचतात. ळ दिसला की क्षणभर थबकतात, च आणि ज कुठे कसा उच्चारायचा याचा गोंधळ होतो, पण लिपीचा डोंगर त्यांना चढायचा नसतो. त्यांच्यापुढे अडचण वेगळीच असते. मराठी त्यांनी फक्त ऐकलेली असते, तीही जेवण, अभ्यास आणि रागावणं एवढ्यापुरती. ‘जेवून घे, आवर, लवकर झोप’ या पलीकडे मराठीत काय काय घडू शकतं हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. बन्याच्या पुस्तकात त्यांना पहिल्यांदा मराठीत पाठलाग सापडतो. मराठीत भीती, मराठीत युक्ती, मराठीत खो-खो हसणं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. पहिलं पुस्तक मी मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं. संध्याकाळी दूध-पोहे झाले की दोघं माझ्या पलंगावर येऊन बसायची. नातू सुरुवातीला उशीशी खेळत होता. बन्या सायकलवरून सुसाट निघाला तशी उशी खाली गेली. मी मुद्दाम एका प्रकरणाच्या शेवटी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेले. कढईत फोडणी टाकते आहे तोवर आतून आवाज आला, नात वाचत होती, तिच्या हिंदी वळणाच्या मराठीत, आणि नातू मधेच ओरडला, “अरे पण तो कुठे जाऊन राहिलाय?” मग दोघांचं मिळून एक जोरदार ‘ट्टॉक’. तेव्हापासून मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडून गेलं. आता मला ऐकायला मिळतं.

भागवतांचं वाक्य असं आहे की ते जिभेवर धावतं. लहान वाक्य, भरपूर संवाद, मधेच लेखकाची एखादी मिस्कील टिप्पणी. लहान मुलांसाठी लिहितो आहोत म्हणून शब्द चाळून-गाळून पातळ केलेले नाहीत. मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मुलांच्या नावाखाली विकली जाणारी कितीतरी नवी पुस्तकं मी हातात घेऊन परत ठेवली आहेत, प्रत्येक पानाच्या शेवटी शिकवण. ‘म्हणून मुलांनो’ असं सुरू झालं की माझी नात पुस्तक मिटते, आणि तिचं बरोबर आहे. भागवत मुलाला शिकवायला बसत नाहीत. ते त्याला बरोबर घेऊन पळतात. प्रतापगडावर गेलात की गड कळतो, काश्मिरात गेलात की बर्फ कळतो, आणि हे आपण शिकलो असं मुलाला वाटतही नाही.

त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की हे कुठून आलं ते समजतं. ते हौसेपुरते मुलांसाठी लिहिणारे नव्हते. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ हे मुलांचं मासिक सुरू केलं. मासिक चालवणं म्हणजे काय हे ज्यांनी शाळेचं साधं हस्तलिखित काढलंय त्यांना विचारा. दर महिन्याला मजकूर, चित्रं, छपाई, वर्गणी आणि पुन्हा पुढचा महिना. पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहिणाऱ्या, स्वतःचं नाव असलेल्या लेखिका. दोघांच्याही कामाचा विषय मुलं, असं ते घर होतं. २००१ मध्ये भागवत गेले तेव्हा एक्याण्णव वर्षांचे होते. फास्टर फेणेखेरीज त्यांनी बिपिन बुकलवार हा पुस्तकवेडा मुलगा लिहिला, नंदू नवाटे लिहिला, आणि व्हर्नच्या कादंबऱ्या एकामागून एक मराठीत आणल्या.

त्या कादंबऱ्यांवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण संचाबरोबर मी त्यातल्याही काही मागवल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ आणि वर सांगितलेलं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. भागवत जन्मले तेव्हा राइट बंधूंच्या विमानाला पुरती सात वर्षंही झाली नव्हती, आणि माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये, तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते. एकाच आयुष्यात एवढं सगळं ज्याने पाहिलं त्याला व्हर्न जवळचा वाटला नसता तरच नवल.

व्हर्नच्या धूमकेतूच्या मूळ गोष्टीतला एक प्रसंग मी वर्गात कितीदा तरी सांगितला आहे. धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जमिनीचा एक तुकडा, वरच्या माणसांसकट, आपल्याबरोबर घेऊन जातो. माणसांना हे ठाऊक नाही. त्यांना एवढंच दिसतं की सूर्य पश्चिमेला उगवतो आहे आणि दिवस सहा तासांत मावळतो आहे. मग त्यांच्यातला एक जण अंडी उकडायला ठेवतो. पाणी बघता बघता उकळतं. पण अंडी कच्चीच. थर्मामीटर घालून बघतात तर उकळत्या पाण्याचं तापमान १०० च्या जागी ६६ अंश! म्हणजे हवेचा दाब कमी झालाय, म्हणजे आपल्या डोक्यावरची हवा विरळ झालीय. कोणी येऊन त्यांना सांगत नाही, अंड्यावरून त्यांना कळतं. उत्कलनांक आणि वायुदाबाचा संबंध यापेक्षा चांगला शिकवणारा धडा मला कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळाला नाही. सातवी-आठवीच्या मुलांना हे सांगितलं की मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा हात वर करायचा. असा लेखक निवडून मराठी मुलांच्या हातात देणं, ही भागवतांची नजर. त्यांना गोष्टही कळत होती आणि विज्ञानातली गंमतही.

आता जे कमी वाटलं ते. नातीने चौथ्या-पाचव्या पुस्तकानंतर सरळ विचारलं, “यात मुली काय नुसत्या घरी बसतात का?” बन्याची मामेबहीण माली आहे, ती धीट आहे आणि आमच्या नातीची लाडकी आहे, पण सायकल, पाठलाग, रात्रीची धाडसं हे सगळं मुख्यतः मुलांच्या वाट्याला आलंय. त्या काळात तसंच लिहिलं जायचं हे उत्तर मी दिलं, आणि ते तिला पुरेसं वाटलं नाही. मलाही नाही. तुमच्या घरी मुलगी असेल तर हा प्रश्न येणार, त्यावर तिच्याशी बोला. आमच्याकडे नातीने मालीची एक गोष्ट स्वतः लिहायला घेतली आहे, त्यात माली राजवाड्यावरून छप्पन दुकानापर्यंत एका चोराचा पाठलाग करते. चोर पकडला जायची जागा अजून ठरत नाहीये, सराफा की खजूरी बाजार यावर भावंडांत वाद चालू आहे.

दुसरं, योगायोग पुष्कळ आहेत. गुन्हेगार नेमके बन्या उभा असेल तिथेच बोलतात. मोठ्यांना हे खटकेल. आठ-दहा वर्षांच्या वाचकाला खटकत नाही, त्याला बन्या तिथे हवाच असतो. आणि काळ जुना आहे. कोणाच्या हातात मोबाईल नाही, निरोप पोचवायचा तर तार करा, फोन कुठे आहे ते शोधा, नाहीतर स्वतः सायकल हाणा. मला वाटलं होतं की यामुळे मुलं तुटतील. उलट ती जास्त गुंतली. बन्याला फोन करता येत नाही म्हणून तर त्याला पळावं लागतं, आणि तो पळतो म्हणून गोष्ट पळते.

सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात संच देऊन मोकळं होऊ नका. त्याला वाचून दाखवावं लागेल. चौदाच्या पुढच्या मुलाला कदाचित तो लहानांचा वाटेल, त्याला आधी व्हर्न द्या.

पडद्यावरच्या बन्याबद्दलही विचारतात म्हणून सांगते. १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली होती, सुमीत राघवन बन्या झाला होता. आमच्याकडे तेव्हा मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम दिसत नसत, पुण्याच्या नातेवाइकांकडून नुसतं कौतुक ऐकायचो. २०१७ चा सिनेमा बघता येतो. त्यात अमेय वाघचा बन्या मोठा झालेला आहे, आणि दिलीप प्रभावळकरांनी चक्क भागवतांचीच भूमिका केली आहे. लेखकाला आपल्याच पोराबरोबर गोष्टीत आणून बसवलं, ही कल्पना मला मनापासून आवडली. पण सिनेमातला गुन्हा गंभीर आहे. तिसरीतल्या नातवाला मी तो दाखवला नाही, नातीने तिच्या आईबरोबर पाहिला. आधी पुस्तकं, मग सिनेमा, हाच क्रम ठेवा. एकदा पडद्यावरचा चेहरा डोक्यात बसला की मुलाचा स्वतःचा बन्या तयार व्हायचा राहून जातो.

मागवण्याबद्दल. इंदूरच्या दुकानांत मराठी बालसाहित्य शोधण्यात वेळ जातो. खजूरी बाजारात शाळेची पुस्तकं हवी ती मिळतील, मराठी गोष्टींची पुस्तकं विचारलीत की दुकानदार नम्रपणे मान हलवतो. आम्ही संच पुण्याहून मागवला. ऐन पावसाळ्यात मागवला आणि कुरियरवाल्याने पार्सल ओल्या पायरीवर टेकवून ठेवलं, त्यामुळे खालच्या पुस्तकांचे कोपरे फुगले. वाचायला काही अडलं नाही, पण जीव हळहळला. तुमचं कोणी पुण्याच्या गाडीने येणार असेल तर त्यांच्याबरोबरच मागवा. पुस्तकं पातळ आहेत, बॅगेत कपड्यांच्या मधे सहज मावतात. मुलाला आवडेल की नाही अशी शंका असेल तर आधी दोन-तीन सुटी घ्या. प्रतापगडाचं आणि चक्रीवादळाचं नक्की घ्या.

आल्यावर काचेच्या कपाटात ठेवू नका, हे मात्र हात जोडून सांगते. आमच्याकडे ती पलंगाशेजारच्या खालच्या फळीवर असतात, नातवाचा हात पोचेल अशी. काहींना हळदीचे डाग पडले आहेत, एकाचं मुखपृष्ठ सुटलं आहे आणि ते मी चिकटपट्टीने नीट बसवलं आहे.

आणि आपल्या गावच्या मराठी मंडळांना, वाचनालयांना एक मनापासूनची विनंती. ३१ मे ला शाळांना सुट्टीच असते. सकाळी ऊन चढायच्या आधी तासभर मुलांना बोलवा, हार-तुरे, भाषणं काही नको. मुलांनीच बन्याचं एकेक प्रकरण आळीपाळीने मोठ्याने वाचावं, मोठ्यांनी बसून ऐकावं, मग सगळ्यांना पोहे-जलेबी. जागा आणि मुलं तुम्ही जमवा, पुस्तकांचा संच मी घेऊन येते.